पल्याडचा धूर

निशाची बॅग अंगणात जाऊन पडली तेव्हा सोमारीने मनाशी पक्कं केलं, आता रडायचं नाही... काही झालं तरी रडायचं नाही!

"उचल थे आन चालती हो," ती ओसरीवरून म्हणाली. "पंधरा वर्सं सांभाळलं तुले, आता मले होत नाई. तुह्या हातचं काम मले पटत नाई आन तुह्यं लिवनं-वाचनंबी पटत नाई. मुंबईवाले बलावते ना? जा मंग. ह्या घरात तुह्यासाठी जागा नाई."

निशा ही तिची नणंद. सोमारी लग्न होऊन वैनगंगेच्या या काठावर आली तेव्हा निशा सात वर्षांची होती, नुकतीच आईवेगळी झालेली, नाक पुसायला वयनीचा पदर धरून घरभर फिरणारी. आता बावीस वर्षांची झाली होती. तालुक्याच्या गावातून, सावलीच्या कॉलेजातून बी.ए. झाली होती आणि चार दिवसांपूर्वी तिला मुंबईहून पत्र आलं होतं. ज्यांच्या घरच्या गोष्टी टीव्हीवर कधी आल्याच नाहीत, अशा घरांतल्या बाराजणांना आठ महिने मालिका लिहायला शिकवणार होते, आणि त्या बारांत निशाचं नाव होतं. गावात पेढे वाटून झाले, सरपंचांनी शाल-नारळ दिला, सोमारीचा नवरा वारलू गिरणीत भेटेल त्याला थांबवून सांगत सुटला. आणि ज्या पोरीसाठी हे सगळं चाललं होतं ती म्हणत होती, "मी नाई जात." का, ते सांगेना. जेवताना मान वर करीना.

सोमारीला वाटलं, आपल्यामुळेच. भाताची रोवणी तोंडावर आलीय, वयनीची कंबर धरलीय, म्हणून पोरगी पाय मागे घेतेय. चार रात्री तळमळून तिने ठरवलं होतं की निशाचं मन आपल्यावरून उडवायचं, म्हणजे तिला जाणं सोपं होईल. आयुष्यभर पोरीने आपल्याला कैदाशीण म्हटलं तरी चालेल!

निशा बॅगेकडे पाहत राहिली. तिचे ओठ थरथरले. आणि ती खो खो हसत सुटली.

"वयनी, हे तं थोरलीचं हाय."

"कोन थोरली?"

"तुहीच थोरली. डीपी जळली होती तेव्हाची. थोरलीनं नंदेले शिकाले पाठवाचं म्हून तिचं गठुडं असंच अंगनात फेकलं होतं. 'ह्या घरात तुह्यासाठी जागा नाई', हेबी तसंच. माह्या वहीत लिवलेलं हाय, दाखवू?"

कुंपणापलीकडून शेजारच्या चंचलबाईचं डोकं वर आलं. ती बहुधा सुरुवातीपासूनच तिथे होती.

"थोरली रडली नव्हती पन," चंचलबाई म्हणाली. "तू तं रडून राह्यली, सोमारी."

यात चंचलबाईचा दोष नव्हता. त्या आळीतल्या प्रत्येक बाईला सोमारीच्या गोष्टी तोंडपाठ होत्या. आळीत पहिला टीव्ही सोमारीकडे आला, आणि संध्याकाळी मालिका अगदी रंगात यावी, सासूने दुधात काहीतरी कालवावं, की नेमकी लाइन जायची. बाया हळहळत बसायच्या. मग अंधारात सोमारी हळूच सांगू लागायची, पुढे काय झालं असेल ते. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर काहीतरी वेगळंच निघालं की बाया टीव्हीवरच चिडायच्या, "ह्यायचं चुकलं." आणि मागच्या पावसाळ्यात तर गावाला वीज देणारी डीपीच जळली. वीस दिवस लाइन नव्हती. त्या वीस संध्याकाळी सोमारीने टीव्ही बाजूला ठेवून स्वतःच्या मनातली एक थोरली जाऊ उभी केली होती. बंगल्यातली नव्हे, चिखलात रोवणी करणारी.

सोमारी खाली बसली आणि तोंडाला पदर लावला. एवढं पाषाण करून घेतलेलं मन, आणि त्याचा असा पोरखेळ व्हावा!

निशा तिच्या शेजारी येऊन बसली. हसू विरलं होतं. तिने बॅगेच्या कप्प्यातून एक कागद काढला.

"मी तुह्या कंबरेसाठी नाई थांबली, वयनी. ह्याच्यासाठी थांबली. मी त्यायले थोरलीची गोष्ट पाठवली होती. त्यायले थे आवडली. आता ह्याच्यावर सही मांगते. 'ही कथा संपूर्णपणे माझी स्वतःची आहे.' कशी करू सही? माही नाई ना थे. तुही हाय."

सोमारी कागदाकडे पाहत राहिली. सातवीपर्यंत आश्रमशाळेत शिकली होती, तेवढी ओळ तिला वाचता आली. तिच्या उरात एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. कोणीतरी म्हणत होतं, ही तुझी गोष्ट आहे... असं तिला जन्मात कोणी म्हटलं नव्हतं! आणि त्याच गोष्टीपायी पोरीच्या तोंडचा घास जात होता.

"मंग कर ना सही," ती म्हणाली. "मी का कोर्टात जाऊन राह्यली?"

"खोटी?"

"अंधारात वेळ जाले सांगतली होती मी. त्याच्यात का खरं आन का खोटं."

"मी नाई म्हून कळवतो त्यायले," निशा म्हणाली. ती उठायच्या आत सोमारीने तिचा फोन उचलला आणि पत्रावरच्या नंबरवर लावला. फोनचा कानाजवळचा आवाज कधीचाच गेला होता, तो स्पीकरवरच चालायचा. त्यामुळे निशा, कुंपणापलीकडची चंचलबाई आणि नुकताच सायकल लावून आत आलेला वारलू, सगळ्यांनाच तिकडचं ऐकू येत होतं.

वर्ग चालवणाऱ्या दीपाली मॅडमनी फोन घेतला.

"मॅडम, मी निशाची वयनी बोलतो. थे सही नाई करत म्हून लावला. तिले काई समजत नाई. कहानी तिचीच हाय. मले का लिवता येते? आमी आपले रोवनीवाले."

निशा फोन घ्यायला झेपावली. सोमारीने तिला कोपराने मागे सारलं.

"बरं झालं तुम्ही फोन केलात," मॅडम म्हणाल्या. "एक विचारू? आम्ही सगळे एका जागी अडलोय. थोरली रोज संध्याकाळी धुणं घेऊन नदीवर जाते. घरात धुणं नसतं त्या दिवशीही धुतलेलंच परत घेऊन जाते. का जाते, ते कुठेच नाही. निशाला विचारलं, तर ती म्हणाली मला सांगितलेलं नाही, आणि जे सांगितलेलं नाही ते मी मनाने लिहिणार नाही. तुम्हाला काही माहीत आहे का?"

'नाई' म्हणायला सोमारीने तोंड उघडलं होतं. पण पंधरा वर्षं जिने "मग पुढं?" या प्रश्नाला कधी रिकाम्या हाताने परत पाठवलं नव्हतं, तिला हे जमणार कसं?

"धुवाले नाई जात मॅडम थे," ती म्हणाली. "पल्याडच्या काठावर पयलंच घर तिच्या मायचं हाय. संध्याकायी चूल पेटली का धूर निघते. थे पाहाले जाते. दुसऱ्या घरायचा धूर पातळ, मायचा जाड, एवढ्या दुरून ओळखू येते. धूर दिसला का समजाचं, माय बरी हाय, रांधून राह्यली. मंग घरी याचं."

"नदी तर ओलांडता येते. मग ती जात का नाही?"

"गेली होती ना, पयल्या साली. दोन दिसासाठी. तं इथी लेकराले ताप भरला. आई गेली तशी हेबी गेली असं वाटलं त्याले, अन्नाले शिवेना. नदीवर डोंगा चालवनारा झाडू निरोप घेऊन आला. तवा तिनं ठरवलं, लेकरू मोठं होयेपर्यंत रात्रीले दुसरीकडे राहाचं नाई. लग्नाकार्यात भेटे मायले उभ्या उभ्या. माहेरचे म्हनत, सासरचीच झाली, गर्व आला. म्हनू द्या. मंग पोरीची दहावी आली, बारावी आली... मंग तं न जाचीच सवय झाली, मॅडम."

बोलून झालं आणि तिच्या लक्षात आलं की अंगणात कोणी हलत नाही. पल्याडच्या काठावरचं पहिलं घर कोणाचं, हे त्या अंगणात सगळ्यांना ठाऊक होतं.

निशा उंबऱ्याला टेकून उभी होती. डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं.

"वयनी... मले आठवते थो ताप. पंधरा वर्सं तू माह्यासाठी मायच्या घरी गेली नाई? आन मले एका शब्दानं..."

"येडी हायस का," सोमारी म्हणाली. "लेकरू उपाशी असल्यावर माहेरी कोनाच्या घशाखाली उतरन?"

फोनवर मॅडमनी सगळं ऐकलं होतं.

"त्या कागदावर सही करू नका," त्या म्हणाल्या. "मी दुसरा पाठवते. गोष्ट कोणाची आणि लेखन कोणाचं, अशा दोन ओळी असतील, दोघींच्या सह्या लागतील. आणि निशा, ऐकतेस ना? तुझी जागा गोष्टीमुळे नाही मिळाली. ऐकलेलं एक अक्षर तू सांडलं नाहीस आणि न ऐकलेलं एक अक्षर घुसडलं नाहीस, म्हणून मिळाली. बाकीचं आम्ही शिकवू."

चंचलबाईने कुंपणापलीकडून टाळ्या वाजवल्या.

पण निशा तेवढ्यावर ऐकणारी नव्हती. तिने अट घातली की ज्या दिवशी ती मुंबईला निघेल त्याच दिवशी वयनीने माहेरी निघायचं, चांगले आठ दिवस राहायला. वयनी नाही गेली तर तीही बसमध्ये चढणार नाही.

"रोवनी?" सोमारी म्हणाली.

"मी हावो ना," वारलू म्हणाला. बायकोचं पंधरा वर्षांचं मौन आज कळलेला तो माणूस तिच्या नजरेला नजर देत नव्हता. सायकलची घंटी उगाच पुसत होता. मग म्हणाला, "पन मले रांधून कोन देईन?"

"तांदूळ हाय, कुकर हाय, हातबी हाय," सोमारी म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून हसली.

सावलीच्या स्टँडवर निशाची बस हलली तेव्हा दोघी एकमेकींना "नीट राहाजो" म्हणत राहिल्या. आता नदीवर पूल झाला होता, पण सोमारी हट्टाने झाडूच्या डोंग्यातूनच गेली. नदी अजून भरली नव्हती. म्हाताऱ्या झाडूने तिच्या हातातली पिशवी पाहिली, काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटून वल्हं धरलं. काठावर माय उभी होती. पंधरा वर्षांनी लेक पिशवी घेऊन आली, तर मायने फक्त विचारलं, "जेवली का?"

पुढे दीड वर्ष गेलं. आठ महिन्यांचा वर्ग संपला, निशाला लिहिणाऱ्या मंडळींत जागा मिळाली, आणि थोरलीची मालिका व्हायची ठरली. पहिला भाग सोमारीने माहेरी पाहायचा ठरवला. आता ती हवं तेव्हा जायची, वारलूला भाताबरोबर दोन भाज्याही येऊ लागल्या होत्या. चंचलबाईही नवंकोरं लुगडं नेसून तिच्याबरोबर आली होती. मायच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर नावं सरकू लागली आणि सोमारीने बोट नाचवत एक एक अक्षर वाचलं, 'मूळ कथा... सोमारी वारलू सिडाम.' सगळा घोळका ओरडला!

मालिका सुरू झाली. पडद्यावरची थोरली धुतलेलंच धुणं घेऊन नदीवर गेली. पल्याड एका घरातून धूर निघाला. ती पाहत उभी राहिली...

आणि लाइन गेली.

बाया हळहळल्या. अंधारात सोमारीच्या मांडीला टेकून बसलेल्या मायने विचारलं, "हे पोट्टी रोज धूर पाहाले येते का वो?"

"येत होती, माय," सोमारी म्हणाली. "रोज येत होती."

"ठाऊक हाय मले," माय म्हणाली. "झाडू सांगे. तुही पोरगी रोज काठावर उभी रायते म्हने. म्हून तं मी कोरडं लाकूड बाजूले ठेवे. ओलं लावे चुलीत. कोरड्याचा धूर तुले तिकडून दिसला नसता."

"पंधरा वर्सं, माय? डोळे चुरचुरत असन."

"चुरचुरे तं," माय म्हणाली, आणि चाचपडत लेकीचा गाल शोधून तिथलं पाणी पुसलं.

"मंग पुढं का झालं, सोमारी?" चंचलबाई अंधारातून विचारत होती. तेवढ्यात सोमारीच्या कमरेतला फोन वाजला. मुंबईहून निशा होती, श्वास लागल्यासारखी विचारत होती की वयनी, कसं वाटलं?

"चांगलं झालं बाई, लई चांगलं झालं," सोमारी रडत-हसत म्हणाली. "पन एक रायलं. थोरलीच्या मायचं रायलं. वही घे जवळ... घेतली का? लिव."