नकाशात नसलेला खड्डा

मी साचे करतो. चाळीस वर्षं तेच करतोय. कुणीतरी मातीत काहीतरी घडवतं, मी त्यावर प्लास्टर ओततो, साचा सोडवतो आणि त्यातून ओतीव, म्हणजे त्याची पक्की प्रत, काढून देतो. कलाकार मी नाही. आमच्या घरात कलाकार एकच, माझी धाकटी बहीण. घरात तिला सगळे चिमणी म्हणायचे. पन्नाशी उलटली तरी तेच नाव चिकटलंय. आईवडील गेले, तिचं लग्न टिकलं नाही, मी केलंच नाही. आता आम्हा दोघांना आम्ही दोघंच.

गावातल्या मोठ्या कलादालनात अवकाश या विषयावर प्रदर्शन भरणार होतं. एकाने काळ्या कॅनव्हासवर काळाच रंग फासला होता आणि त्याला कृष्णविवर म्हणत होता. दुसरा रेडिओची नुसती खरखर ऐकवणार होता. चिमणी चंद्राची पलीकडची बाजू करत होती. अशी संधी तिला पहिल्यांदाच मिळाली होती, आणि पुन्हा मिळेल असं वय राहिलं नव्हतं.

घरामागच्या शेडमध्ये आम्ही बारा फुटांची लाकडी चौकट ठोकली, मांडीपर्यंत ओली माती भरली. वर अठरा फुटांवर परांची बांधली, एक आडवी फळी टाकली. फळीवर उभी राहून ती लोखंडी गोळे खाली सोडायची. भिंतीवर यानाने काढलेल्या फोटोंवरून केलेला मोठा नकाशा होता. त्यातला प्रत्येक खड्डा तिला जिथल्या तिथे हवा होता.

"हाताने कोर की," मी म्हणायचो. "आवाजाने दात हलतात माझे."

"चंद्राला कुणी बोटाने कोरलंय का, दादा? मार खाल्लाय त्याने."

मग धप्प. शिंतोडे भिंतीपर्यंत. मी चष्मा पुसायचो, ती पुढचा गोळा उचलायची. संध्याकाळी नकाशा बघून खड्डे मोजायचे आणि मातीवर ओली पोती टाकायची, हा रिवाज.

दोनशे अकरा झाले होते. सकाळी पोती काढली तर दोनशे बारा.

नवा खड्डा बरोबर मधोमध होता. लांबुळका, तोंडाशी माती आत मिटलेली. मी बाही वर करून हात घातला, तो कोपरापर्यंत गेला. आमचा सगळ्यात जड गोळा फळीवरून सोडला तरी चार बोटं जायचा. एवढं खोल जायला वस्तू किती उंचावरून पडायला हवी, याचा हिशेब मी मनात मांडला आणि सोडून दिला. शेडचं छप्पर धड होतं. आणखी एक गोष्ट मला खटकली. भोवताली एकही शिंतोडा नव्हता. काही पडलं की शिंतोडे उडतातच.

"नकाशात नाही हा," मी म्हणालो.

"फोटो काढल्यानंतर तिकडे नवे पडले असतीलच की," चिमणी म्हणाली. "राहू दे. छान आहे."

मला राहवेना. खड्डा कशाने पडला हे कळायला साचेवाल्याकडे एकच उपाय असतो. ती सामान आणायला गेली तेव्हा मी प्लास्टर कालवून खड्डा भरला, घट्ट झाल्यावर ते खणून काढलं आणि पाणी मारून माती धुतली.

एक बाई उताणी पडली होती. मला तिची मागची बाजू मिळाली होती. टाचा, पाठ, मानेखाली दबलेली वेणी, दोन्ही बाजूंना हात. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत बेढब जाड आला होता. तिथे हवा कोंडली असणार, माझीच चूक, इतक्या वर्षांत अशी झाली नव्हती. डाव्या हाताची करंगळी मात्र स्वच्छ आली होती. टोकाशी बाहेर वळलेली.

तशी करंगळी मी रोज बघतो. चिमणी सहा वर्षांची असताना ती दारात चेमटली. दार मी लावलं होतं.

चिमणी परत आली, ओतिवाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "मी आणखी बारीक आहे हं." मग खड्डा मोडल्याबद्दल मला यथेच्छ बोलली.

मी तिच्या हातापाया पडलो. वर चढू नकोस म्हणालो. आठ दिवस उरलेत, ती म्हणाली, तुझं डोकं फिरलंय. मी खड्ड्यात माती भरली, लाकडाने ठोकठोक ठोकली, वर पाय देऊन उभा राहिलो. सकाळी पोती काढली तर खड्डा होता तसाच. शिंतोडे नाहीत.

तेव्हा माझं डोकं खरंच फिरलं. मी मोठा लाकडी हातोडा घेतला आणि चौकटीत उतरून चंद्र फोडायला लागलो. एका वर्षाचं तिचं काम. डोंगरांच्या कडा फुटल्या, चिखल छताला लागला. चिमणी किंचाळत आली. तिने माझे केस धरले, माझ्या तोंडावर मारलं, मी तिला ढकललं. मग मी हातोडा उगारला आणि तिने मध्ये उजवा हात घातला.

मला थांबता आलं असतं. हे कुणाला सांगितलेलं नाही. हातोडा वर असताना तिचा हात मला दिसला होता आणि मनात आलं, हात मोडला तर ही चढणार नाही.

हाडाचा आवाज ओल्या फांदीसारखा आला.

दवाखान्यात मी पाय घसरला असं सांगितलं. चिमणीनेही तेच सांगितलं, माझ्याकडे न बघता. प्लास्टर घातलं, कोपरापासून मनगटापर्यंत. मनगटाशी कड टोचतेय म्हणाली, तर ओलं होतं तोवर मीच अंगठ्याने दाबून कड मऊ केली. सवयीने.

नंतरचे दिवस मी तिला भरवलं, वेणी घातली. ती एक शब्द बोलत नव्हती. मला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटत होतं. कलादालनाच्या बाई येऊन गेल्या, तारीख पुढे ढकलता येणार नाही म्हणाल्या. मी मान डोलावली. रात्री मला शांत झोप लागली.

पाचव्या दिवशी दुपारी मी तिच्या गोळ्या आणायला गेलो. परत आलो तर अंथरूण रिकामं.

शेडचं दार उघडं होतं. दाराशी भिंतीला टेकवलेल्या ओतिवावर तिरपं ऊन पडलं होतं. तिरप्या उजेडात बारीकसारीक दिसतं. उजव्या हाताच्या जाड भागावर कापडाची वीण होती. मनगटाशी कड दबलेली होती, आणि त्या दाबात माझ्या अंगठ्यावरचा जुना आडवा व्रण उमटला होता.

हवा कोंडली नव्हती. माझी चूक नव्हती.

"दादा."

आवाज वरून आला.

"चिमणे, खाली ये. हात जोडतो."

"एका हाताने चढले, बघ." ती किती दिवसांनी बोलत होती. आवाजात राग नव्हता. "केवढासा दिसतोयस रे तू इथून."

फळी अठरा फुटांवर होती. आवाज फार लांबून येत होता.

मी वर पाहिलं. फळीखाली टांगलेल्या दिव्यांच्या पलीकडे मला काही दिसलं नाही.

माझ्या चष्म्यावर काहीतरी उडालं. मी पुसलं. ओली माती.

मधल्या खड्ड्याभोवती त्या सकाळी नसलेले शिंतोडे आता होते, ताजे, चहूबाजूंना सारखे, भिंतीपर्यंत. खड्डा रिकामा होता.

वर ती अजून बोलत होती.