आचार्यांच्या पोथीची राख

सकाळी सकाळी चिटगुप्प्यात एकच बोंब उठली. रामाचार्यांची वेदांची पोथी जळाली!

अमीन हणमंतरावांनी चहा अर्धाच टाकला. निजामी अंमलात ठाणं सांभाळायचं म्हणजे डोक्याला ताप, त्यात हे गाव असं की धर्माचं नाव निघालं की आधी दगड उचलणार, मग विचारणार.

आचार्यांच्या न्हाणीच्या चुलीत राख होती. पोथीची एक लाकडी फळी अर्धवट जळून राहिली होती. अंगणात लोकांनी वकील भीमसेनला घेरलं होतं. सदऱ्याची बाही फाटलेली, ओठातून रक्त.

"बांधा याला!" आचार्य ओरडले. "देव एकच, निराकार, अन् वेद माणसांनीच रचले म्हणत हिंडायलाय. आज दत्ताच्या देवळात माझ्याशी वाद होता. हरायच्या भीतीनं पोथी जाळली मेल्यानं!"

"वकीलसाहेब, काल इथं आला होता?" हणमंतरावांनी विचारलं.

"व्हय. पोथी देवळात आणा, सगळ्यांसमोर उघडा, एवढं सांगायला."

"कामून?"

"यांनी पोटच्या पोराला जातीबाहेर टाकलं ते त्या पोथीच्या नावानं. ते पान बघायचं होतं मला."

ती गोष्ट गावाला ठाऊक होती. आचार्यांचा मुलगा जयतीर्थ. तोही देव एकच म्हणायला लागला, कुणाच्याही पंक्तीला बसायला लागला. बापानं 'वेदाची आज्ञा' म्हणत जिवंत मुलाचे पिंड घातले, सुनेचं कुंकू पुसलं. पुढं पोरगा बिदरला, मैलुरात, तापानं खरोखरच गेला. त्याच्या बायकोला तोंडसुद्धा बघू दिलं नाही. गाव गप्प बसलं. गावाच्या बापाचं काय जात होतं?

हणमंतराव देवघरात डोकावले. पोथीचा कोनाडा रिकामा होता. छताजवळच्या दांडीवर सोवळ्याची वस्त्रं होती, त्यांत एक लाल फडकं, नीट घडी घातलेलं.

"हे पोथीचं बासन ना?"

"हो," सून सुमतीबाई म्हणाली. ती सोवळ्यातच स्वयंपाकाच्या चुलीपाशी उभी होती.

"आचार्य, जरा खाली काढता?"

"खांदा आखडलाय हो. हात वर जात नाही. माझा पंचासुद्धा सुमतीच काठीनं वर घालते."

"पहाटे घरात आणखी कोण होतं?"

"आम्ही दोघंच. मी विहिरीवर, ही स्वयंपाकाला."

हणमंतराव अंगणात आले.

"वकिलाला सोडा. त्याला पोथी उघडलेली हवी होती. ती जळाली तर पुरावा त्याचाच गेला. न उघडण्यात फायदा कुणाचा? आचार्य, तुमचा!"

लोक चपापले.

"खरं सांगतो, आधी मला तुमचाच संशय आला. पण ते बासन बघा. बाहेरचा माणूस पोथी फडक्यासकट चुलीत घालील. इथं बासन सोडलंय, घडी घातलीय, विटाळू नये म्हणून काठीनं दांडीवर टाकलंय. जन्माची सवय! तुमचा तर हात वर जात नाही. मग राहिलं कोण?"

"मीच," सुमतीबाई म्हणाली. "पोथी जाळली, अन् हातांनी बासन मात्र जपलं. जळो ती सवय! वकीलभाऊंना मारायला लागले तेव्हाच मी सांगायला निघाले होते. तेवढ्यात तुम्ही आलात."

"अहो, पण देवळात उघडली असती तर यांचं खोटं आपोआप बाहेर आलं असतं."

"कशाची उघडतायत! अपात्रानं बघू नये म्हणत बांधलेलीच दाखवली असती. बासनाकडं बोट करायचं अन् म्हणायचं, यात आहे. तेवढ्यावर माझा नवरा मारला यांनी! मला अक्षरं त्यानंच शिकवली होती. पान न् पान वाचलं, मगच चुलीत घातलं. वेद काही जळला नाही, तो यांना तोंडपाठ आहे. आता बोट दाखवायला जागा नाही. म्हणा मामंजी ती आज्ञा, गावासमोर!"

"म्हणा," हणमंतराव म्हणाले. "वेदात तशी आज्ञा निघाली तर बाईंना ठाण्यावर नेतो. नाहीतर फिर्याद मागं घ्या."

आचार्यांनी डोळे मिटले. ओठ बराच वेळ हलत राहिले.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "वेदात तसं नाही. मला राग आला होता. पोरानं चारचौघांत मला खोटं पाडलं होतं."

भीमसेननं तोंड फिरवलं.

"सुमती," आचार्य हात जोडून म्हणाले, "मी त्याच्या नावानं पाणी सोडतो गं."

"खबरदार! तुम्ही तो जिवंत असतानाच सोडलंत. आता त्याचं सगळं मी गाणगापूरला करवून घेईन. तुम्ही तुमचं बघा. एकुलता एक मुलगा होता तुम्हाला. उद्या तुमचे पिंड कोण घालणार?"

आचार्य अंगणातल्या एकेका माणसाच्या तोंडाकडं बघायला लागले. कुणीच पुढं झालं नाही.