पंख्यापुढचा आवाज

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण यात पदरचं तिखटमीठ काही नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माणूस धडधाकट आहे, रोज वेल्डिंग करतो, आणि त्याचं विमान आजही माकणीच्या शिवारात पत्र्याच्या शेडमध्ये उभं आहे. घडलं ते गेल्या मे महिन्यात, निम्न तेरणा धरणाचं पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळावर. रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. दिवस कलला होता, पण सगळं लख्ख दिसत होतं.

म्हणूनच जास्त भीती वाटते.

उत्तरेश्वरचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ट्रॉल्या, लोखंडी गेट, असली कामं. सोमलिंग त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार, ट्रॅक्टरचा मेकॅनिक. कुणीतरी घरच्या घरी बनवलेलं विमान उडताना या दोघांनी मोबाईलवर पाहिलं आणि झालं, डोक्यात किडा शिरला. ॲल्युमिनियमचे पाइप आले, पंखांवर ताणायला कापड आलं, भंगारातल्या एका व्हॅनचं इंजिन आलं. पुढचा लाकडी प्रोपेलर सोमलिंगनं स्वतः रंधा मारून घडवला. दोघं त्याला नुसतं पंखा म्हणायचे. गावानं टिंगलीची हौस फेडून घेतली.

"आमच्या पोरीचं वऱ्हाड न्यायला यील का रं तुमचं इमान?"

"यील की. पण नवरदेवाला पंखावर बसावं लागंल," सोमलिंग म्हणायचा.

परवानगीचा विषय कुणी काढला, की दोघांनाही एकदम चहाची आठवण व्हायची. विमान जमिनीवर पळवून झालं होतं, पुरुषभर उंचीच्या उड्याही मारून झाल्या होत्या. दसरा झाला की खरं उडवायचं असं ठरलं होतं.

वजन कमी करायला त्यांनी इंजिनाचा सेल्फ काढून टाकला होता. त्यामुळं पंखा हातानं फिरवून इंजिन चालू करायचं. याची एक रीत होती. उत्तरेश्वर सीटवर बसायचा, सोमलिंग पंख्यापुढं उभा राहायचा.

"बंद?" सोमलिंग विचारायचा.

उत्तरेश्वर इंजिनाचं बटण डोळ्यांनी बघायचा आणि मगच म्हणायचा, "बंद!"

मग सोमलिंग पंखा सावकाश फिरवून इंजिनाला पेट्रोल ओढू द्यायचा. मग विचारायचा, "चालू?" उत्तरेश्वर बटण दाबून सांगायचा, "चालू!" मग एक जोराचा झटका, आणि सोमलिंग उडी मारून मागं.

बटण चालू राहिलं असेल तर पंखा नुसता हलवला तरी इंजिन पेटू शकतं, म्हणून उत्तर आल्याशिवाय पंख्याला हात लावायचा नाही. हा नियम सोमलिंगचाच होता.

खंडेनवमीला हत्यारांसोबत विमानाचीही पूजा झाली. सोमलिंगच्या बायकोनं, शिवानीनं, पंख्यावर हळदकुंकू वाहिलं. झेंडूचा एक मोठा हार आत बटणांच्या पाटीवर घातला. पूजेचा हार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचा नसतो. पूजा आटोपून ती घराकडं वळली. घर शेडपासून हाकेच्या अंतरावर. तेवढ्यात सोमलिंगला वाटलं, पंखा आडवा केला तर फोटो चांगला येईल. उत्तरेश्वर सीटवर बसलेलाच होता.

घरातून शिवानीची हाक आली. "अवो, या की लवकर! ताट गार व्हायलंय!"

"बंद?" सोमलिंगनं विचारलं.

बटण हाराखाली होतं. पूजेचा हार कशाला उचलायचा, असं उत्तरेश्वरच्या मनात आलं. बंदच असणार. तो म्हणाला, "बंद."

बटण चालू होतं. सकाळी वायर तपासताना त्यानंच दाबलं होतं.

इंजिनानं एकच झटका दिला. पंख्याचा फटका सोमलिंगच्या डोक्याला बसला. धाराशिवला नेताना वाटेतच तो गेला.

पण त्याआधी, लोक शेडकडं धावत येत होते तेव्हा, उत्तरेश्वरनं हाराखाली हात घातला आणि बटण बंद केलं. कुणीतरी विचारलं, कसं झालं? तो म्हणून गेला,

"त्यानं विचारलंच न्हाय. घाईघाईत हात घातला."

हे खोटं आपल्या तोंडून कसं निघालं, हे त्याला अजून कळत नाही. पण निघालं, आणि गावानं ते खरं मानलं. सोमलिंगचे वडील धुळाप्पा तेराव्याला एवढंच म्हणाले, "लई घायकुता होता पोरगा." उत्तरेश्वर तेव्हा पंगतीत वाढत होता.

त्याहून वाईट पुढंच होतं. एकदा शिवानीच त्याच्याजवळ बोलली.

"भाऊजी, म्या हाक मारली म्हणूनच त्यांनी घाई केली. ताट गार झालं असतं तर काय बिघडलं असतं वो?"

एक वाक्य बोलायचं होतं. वहिनी, त्यानं विचारलं होतं. बस. तेवढंही त्याला जमलं नाही.

शिवानीनं गरम जेवण सोडलं. सकाळचं संध्याकाळी, तेही उभ्या उभ्या. कुणाला हाक मारून जेवायला बोलवायचं तिनं बंद केलं. हे सगळं उत्तरेश्वरला दिसत होतं. त्याला स्वतःची शिसारी यायची. मग त्यानं स्वतःला एक समजूत घातली, की सोमलिंगचं विमान उडवलं म्हणजे आपण मोकळे. पंख्यापुढं कुणी उभंच राहायला नको म्हणून त्यानं सेल्फ पुन्हा बसवायला घेतला.

भरदुपारची वेळ. शेडमध्ये तो एकटा. पाना फिरवता फिरवता त्याच्या लक्षात आलं... बाहेरच्या लिंबावरचे होले घुमायचे थांबले होते.

पत्रासुद्धा तडतडत नव्हता.

आणि पंख्याच्या बाजूनं कुणीतरी हळूच...

"बंद?"

पाना त्याच्या हातातून पडला. तो पुढं गेला. कुणी नव्हतं. रस्त्यावरचं कुणी बोललं असेल, असं म्हणून त्यानं मनाला गप्प केलं. पण त्या दिवशी पुन्हा पान्याला हात लावला नाही.

उडवायचा दिवस उजाडला. गाळाचा पट्टा ट्रॅक्टर फिरवून सपाट केला होता. धुळाप्पा आपली मेंढरं चारता चारता पट्टा राखायला आले होते, दुसऱ्या कुणाचं जनावर शिरू नये म्हणून. शिवानीही आली होती. "त्यांचं इमान उडताना मला बघायचंय," एवढंच ती म्हणाली आणि लांब बांधावर जाऊन बसली.

धुळाप्पांची मेंढरं पट्टा ओलांडून पाण्याकडं निघाली. कळपच तो, एकामागं एक चालला होता. विमानाच्या नाकासमोर आल्यावर मात्र प्रत्येक मेंढरू वळसा घालून गेलं...

पंख्यापुढं कुणीतरी उभं असावं, असा वळसा.

"का बरं बुजली ही?" धुळाप्पा पुटपुटले.

उत्तरेश्वर सीटवर बसला. बटण चालू केलं. सेल्फवर बोट ठेवलं.

"बंद?"

आवाज समोरून आला. स्पष्ट. ओळखीचा.

त्यानं सेल्फ मारला. काहीच नाही. सकाळी दहादा चाललेला सेल्फ, आता टक्कसुद्धा वाजेना.

"बंद?"

उत्तरेश्वरनं बटण बंद केलं. बघितलं. पुन्हा बघितलं. मग तो म्हणाला, "बंद."

पंखा हलला.

वारा नव्हता. पंखा सावकाश फिरला, थांबला, पुन्हा फिरला... सोमलिंग फिरवायचा तसाच.

"चालू?"

त्यानं बटण दाबलं. "चालू," म्हणताना त्याला रडू फुटलं. पंख्याला झटका बसला आणि इंजिन धडधडलं.

तेव्हाच उतरून पळायला हवं होतं, असं आपण म्हणतो. तो म्हणतो, पाय उचललेच नाहीत. विमान आपसूक पळायला लागल्यासारखं पळालं आणि वर गेलं. खाली तेरणेचं उरलेलं पाणी, उसाचे हिरवे तुकडे, मेंढरांचे ठिपके. ज्यासाठी दोघांनी हाताला घट्टे पाडून घेतले ते हेच. क्षणभर त्याला खरंच आनंद झाला.

आणि इंजिन बंद पडलं.

पंखा उभा थांबला. नुसता वाऱ्याचा घोंघाट... मग तोही ऐकू येईना.

समोर उभं राहायला जमीन नव्हती. नुसती हवा. तिथूनच आवाज आला.

"बंद?"

"न्हाय!" उत्तरेश्वर ओरडला. "चालू होतं! त्या दिवशी चालू होतं, सोम्या! म्या बघितलंच न्हाय! तू इचारलं होतंस!"

विमानाचं नाक पाण्याकडं झुकत होतं.

"सांगतो! वहिनीला सांगतो! खाली उतरलो की पयलं तेच करतो, तुझी आण!"

पंख्याला झटका बसला. इंजिन चालू झालं.

तो कसा उतरला ते त्याला आठवत नाही. गाळात चाक रुतलं, पंखाचं कापड फाटलं, बाकी खरचटलंही नाही. धुळाप्पा धावत आले आणि त्याला मिठी मारून रडले. "माझ्या पोराचं काम केलंस बाबा," म्हणाले. मागून शिवानी आली. तिचे डोळे कितीतरी महिन्यांनी हसत होते.

"भाऊजी, इंजिन बंद झाल्यावर तुमचा आवाज यायलता. कुणाशी बोलत होता वर?"

आता सांगायचं होतं. आण घेतली होती. धुळाप्पांचा हात अजून त्याच्या पाठीवरून फिरत होता.

"कुणाशी न्हाय वहिनी," तो म्हणाला. "देवाचं नाव घेत होतो."

त्यानंतर त्यानं कान देऊन ऐकलं. समोरून काहीच आवाज आला नाही. शेडमध्येही आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. सोमलिंगनं आपल्याला माफ केलं, असं त्याला वाटायला लागलं. जेवण जायला लागलं. झोपही लागायला लागली.

मग एका सकाळी शिवानी दुकानावर आली. चेहरा ओढलेला, डोळे खोल गेलेले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून ती हळू आवाजात बोलली.

"भाऊजी, कुणाला सांगू नका, याड लागलं म्हणतील. ते येत्यात. म्या ताट घेतलं की समोरून इचारत्यात, बंद? नुसतं तेवढंच. म्या उठून गॅस बघते, बंद असतो. बोअरची मोटर बघून येते. बंद, म्हणून सांगते. तरी पुन्हा इचारत्यात. काय बंद करायचं राह्यलंय माझ्याकडून?"

उत्तरेश्वरनं वेल्डिंगची काच तोंडापुढं धरली.

"मामंजी म्हणत्यात, तुझ्या मनाचे खेळ हायत. पण इमानापाशी तुम्हीच उत्तर द्यायचात ना त्यांना? मग एकदा घरी या. माझ्यासमोर उत्तर द्या. त्यांचं समाधान हुईल, माझ्या पोटात घास जाईल."

"येतो वहिनी," तो म्हणाला. "आज संध्याकाळीच येतो."

त्या संध्याकाळी दुकान बंद करून तो निघाला. सोमलिंगच्या घराच्या वळणापर्यंत गेला. उघड्या दारातून शिवानी ताट पुढं घेऊन बसलेली दिसत होती. घास तिच्या हातातच होता आणि ती समोरच्या रिकाम्या जागेकडं बघून मान हलवत होती.

तिथं नुसतं 'बंद' म्हणून चालणार नव्हतं, हे उत्तरेश्वरला माहीत होतं. तो तिथूनच मागं फिरला.

आता तो घरी जायला धरणाच्या भिंतीवरचा लांबचा रस्ता धरतो. शिवानीनं दोनदा निरोप पाठवलाय. परवा धुळाप्पा स्वतः सांगून गेले, पोरगी पाण्याशिवाय काही घेत नाही, तुझ्यावर तिचा विश्वास आहे, एकदा येऊन जा.

येतो म्हणालाय. अजून गेलेला नाही.