तिसऱ्या ओळीतला श्वास

हे घडलंय. मी तिथे होतो. ज्यांना पटणार नाही त्यांनी माझ्या मेहुण्याला विचारावं. तो कानावर हात ठेवेल, पण बोलताना मध्येच कुठे अडतो, तेवढं ऐकून यावं.

शनिवार. दुपारचे चार. भुतांची वेळ नव्हेच. चर्चमध्ये लख्ख ऊन आलं होतं आणि आम्ही गाणारे बारा जण बाकांवर जांभया देत बसलो होतो.

माझा मेहुणा, म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा, उपासनेची गीतं नव्यानं बसवतो. दुसऱ्याच्या चालीतले चार सूर इकडचे तिकडे करतो आणि खाली आपलं नाव घालतो. अशी चाळीस गीतं झाली. सगळी मेलेल्यांची. मेलेली माणसं तक्रार करत नाहीत, असं त्याचं गणित होतं.

होतं.

त्या शनिवारी पाळी घड्याळजींची होती. हे गृहस्थ आठवडाभर घड्याळं दुरुस्त करत आणि रविवारी ऑर्गन वाजवत गात. जाऊन तीस वर्षं झाली. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच गीत रचलं. त्याच्या तिसऱ्या ओळीत मध्येच एक मात्रा मोकळी आहे. ऑर्गन गप्प, गाणारे गप्प. मग पुढे.

ती मोकळी जागा मेहुण्यानं भरली होती. तीन सूर. जिन्यावरून पाय घसरल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी नव्या गीतपुस्तकाची समिती ऐकायला येणार होती. पसंत पडलं की छापणार, आणि एकदा छापलं की पन्नास वर्षं लोक तसंच गाणार. मेहुण्याचा जीव त्या छापील नावात अडकला होता.

मावशींचा जीव त्या मोकळ्या मात्रेत.

मावशी म्हणजे घड्याळजींची मुलगी. सत्तरी ओलांडलेल्या, शिवणकाम करणाऱ्या, आमच्यातच गाणाऱ्या.

"तिथे भरू नका," त्या म्हणाल्या. "बाबांची छाती अधू होती. तिथे त्यांना श्वास घ्यावा लागायचा."

"श्वास कसला मावशी, मोजायला चुकलेत ते," मेहुणा म्हणाला. "जन्मभर घड्याळं दुरुस्त केली आणि स्वतःला ठोका मोजता येईना."

सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो. त्याच्याकडून विनोद क्वचितच येतो, कौतुक वाटतं.

"बाबांचं मागे एवढंच आहे हो," मावशी म्हणाल्या.

"म्हणून तर नीट करून देतोय."

सुरू केलं. पहिली ओळ. दुसरी. तिसरीच्या मध्यावर…

बाराही जण थांबलो.

तीन सूर समोर कागदावर ढळढळीत दिसत होते. कुणीच गायलं नाही. मेहुण्याची बोटं पट्ट्यांवर पडली, पण ऑर्गनही वाजला नाही.

"काय झालं?"

"काय की," आमचा पोस्टमन म्हणाला. "तोंड तर उघडलं होतं मी."

"पुन्हा."

पुन्हा गायलो. तिसरी ओळ. मध्य…

पुन्हा शांतता. आणि या खेपेला त्या शांततेत काहीतरी होतं.

श्वास.

लांब, कष्टानं ओढलेला. शेवटी बारीक शिट्टी… किटलीला उकळी फुटायच्या आधी येते तशी.

तो ऑर्गनच्या बाकाकडून आला. बाकावर मेहुणा होता. त्याचं तोंड मिटलेलं होतं.

मावशींनी हातातला कागद खाली ठेवला.

"वारा आहे," मेहुणा म्हणाला. खिडक्या बंद होत्या. "तुम्हा लोकांना जमत नाही, हे कबूल करा. बघा, मी गाऊन दाखवतो."

त्याच्या आवाजाबद्दल मी बहिणीखातर काही बोलत नाही.

तो गायला. पहिली ओळ. दुसरी. तिसरीच्या मध्यावर… तो थांबला नाही. तीनही सूर घेतले, अगदी स्वच्छ. आमच्याकडे वळून बघितलं, मुलाला वर्गात पहिला नंबर मिळाल्यावर बाप बघतो तसं. चौथ्या ओळीसाठी तोंड उघडलं…

आवाज आला नाही.

छाती आत गेली ती बाहेर येईना. ओठ निळे पडले. बोटं पट्ट्यांवर तशीच राहिली, त्यामुळे ऑर्गन एकच सूर धरून बसला. आणि त्या सुराखाली…

श्वास. मग दुसरा. मग तिसरा.

आता शिट्टी नव्हती. कुणीतरी कित्येक वर्षांनी पोटभर हवा घेत होतं. सावकाश. घाई कसली.

आम्ही अकरा जण खिळल्यासारखे उभे. मावशी तेवढ्या चालत पुढे गेल्या. मेहुण्याच्या खांद्याच्या जरा वर, जिथे काहीच नव्हतं, तिथे बघून हळूच म्हणाल्या, "बाबा, पुरे. त्याला बायको आहे."

मेहुण्यानं हवा ओढली.

शिट्टीसकट.

बऱ्याच वेळानं त्यानं खोडरबर मागितलं. माझ्याकडे होतं, दिलं. तीन सूर त्यानं स्वतःच्या हातानं खोडले.

समितीला गीत आवडलं. पुस्तक छापून आलं. तिसऱ्या ओळीत मोकळी मात्रा जशीच्या तशी. एरवी प्रार्थनेतसुद्धा कुजबुजणारी तीनशे माणसं तिथे दर रविवारी चिडीचूप होतात. मावशी डोळे मिटून घेतात.

आणि गीताखाली मेहुण्याचं नाव आहेच. 'नव्यानं बसवलं.' काय बसवलं ते मी विचारलं नाही. लाज सोडायला श्वास लागत नाही.

गेल्या आठवड्यात, सकाळी दहाला, त्याचा फोन आला.

"दादा, एका बाईंचं जुनं गीत हाती लागलंय. त्या वारल्यात. म्हटलं, जरासं नीट करून…"

एक मात्रा शांतता.

मग तो श्वास. लांब. शेवटी बारीक शिट्टी.

"मेहुणेबुवा, ती छाती डॉक्टरांना दाखवा," मी म्हणालो. "अजून वाजतेय."

"माझी?" तो म्हणाला. "मला वाटलं, तुमचीच वाजतेय."

मी फोन ठेवला. खोलीत एकटाच होतो. खात्री करायला म्हणून श्वास रोखून पाहिला…

घड्याळजींवरच्या त्या विनोदाला मी खरंच जरा जास्तच हसलो होतो.