कोरड्या होडीतलं पाणी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नजमुद्दीनने आपली होडी शाकारायला घेतली. दरवर्षी घ्यायचा तशीच. फरक एवढाच, की या वेळी पावसाळा सरल्यावर ती परत पाण्यात जाणार नव्हती. श्रीवर्धनच्या त्या खाडीत शिडावर चालणारी तेवढी एकच उरली होती, आणि नजमुद्दीनचे गुडघे आता साथ देत नव्हते. तळा गावी त्याच्या मुलीने, महनूरने, आपल्या घराजवळ दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. पुढे सुक्या मासळीचं दुकान, मागे राहायचं. त्याच्या बायकोने, जुलेखाने, पडद्यांचं कापडसुद्धा आणलं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात नवरा रोज घरी जेवायला असणार, हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं.

शेजारच्या सदूने चार माणसं लावून भरतीला होडी वर ओढून दिली आणि सुरूच्या झाडांखाली ओंडक्यांवर उभी केली. नजमुद्दीनने तळाचे शिंपले खरवडले, गोड्या पाण्याने ती धुतली, आठ दिवस उन्हात सुकवली, लाकडाला तेल पाजलं. डोलकाठी उतरवली, शीड घडी घालून सदूच्या माळ्यावर टाकलं. वरून नारळाची झापं घालून बांधायची, तेवढंच बाकी होतं. दुपारची जोहरची नमाज पढून तो त्या कामाला आला.

वारा पडला होता. ओहोटी पार लांब गेली होती. शेवटचं झाप ओढून त्याने दोरीला गाठ मारली, आणि आतून आवाज आला.

डबा पाण्यात बुडल्याचा. मग पाणी बाहेर फेकल्याचा. थोडं थांबून पुन्हा बुडल्याचा...

नजमुद्दीनचा हात गाठीवरच राहिला. आवाज त्याच्या ओळखीचा होता.

बारा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो आणि त्याचा बराच धाकटा, तिशीतला भाऊ कैस वादळात सापडले होते. नजमुद्दीन सुकाणूवर, मागून येणाऱ्या लाटांकडे तोंड करून; कैस त्याच्या पाठीमागे पाणी उपसत होता. लाटा अशा होत्या, की मान वळवायची सोय नव्हती. पण पाठीमागचा उपसा तो ऐकत होता, आणि त्या आवाजाच्या जोरावरच त्याने होडी खाडीत आणली. किनाऱ्याला लागल्यावर त्याने वळून पाहिलं, तर मागे कोणी नव्हतं. तासाभराने दुसरी होडी आली. तिच्यावरच्या माणसांनी सांगितलं, कैस बाहेर खडकापाशीच पडला, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे किनारा लागायच्या कितीतरी आधी. पण नजमुद्दीनच्या होडीचा तळ तर कोरडा होता.

हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. कैसचं प्रेत मिळालं नाही, कबर झाली नाही; पूर्वी थंडीच्या दिवसांत याच होडीवरून पडलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या बापाचीही झाली नव्हती.

"चहा आनलाय," मागून जुलेखा म्हणाली. मग ती थांबली. "आत कोन हाय?"

"तुला ऐकू येतंय?"

"पानी काढतंय कोन तरी... पन ही तर सुकी हाय ना?"

तो वाळूतच बसला आणि खाली बघत त्याने तिला सगळं सांगितलं. तो बोलत होता तोवर आतला आवाज एकदाही थांबला नाही. जुलेखाने ओढणी डोक्यावर नीट घेतली. ती तिथून हलली नाही.

"बारा वर्सं पानी काढतोय तो," ती हळू म्हणाली. "आन तुमी त्याला एकदाबी सांगितलं न्हाय, किनारा आला म्हनून?"

नजमुद्दीन उठला आणि झापांना तोंड लावून म्हणाला, "कैस... किनारा आला. बस झालं आता. उतर."

आवाज थांबला.

पुष्कळ वेळ काही झालं नाही. मग लाकूड करकरलं, आणि माणूस उतरल्यावर होते तशी होडी किंचित हलकी होऊन वर आली. मागोमाग पुन्हा एकदा तशीच हलली. दोघांनी झापं बाजूला केली. आत तेलाचा वास आणि कोरडं लाकूड, बाकी काही नव्हतं. नजमुद्दीन तोंडावर हात घेऊन रडला. बारा वर्षांत तो पहिल्यांदाच भावासाठी रडत होता. जुलेखाने त्याला चहा पाजला आणि राहिलेली दोरी स्वतः बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परेश नावाच्या म्हसळ्याच्या मुलाचा टेम्पो सांगितला होता. पेट्या, भांडी, गाद्या चढल्या. नवरा-बायको पुढे त्याच्याशेजारी बसली. श्रीवर्धन मागे पडलं, समुद्र दिसेनासा झाला. ऊन नुसतं भाजत होतं, पण नजमुद्दीनला बऱ्याच वर्षांनी मोकळं वाटत होतं. दुकानाला रंग कोणता द्यायचा, यावर दोघं चक्क हसून बोलत होती.

घाट लागला तसा परेशने आरशात पाहिलं आणि वेग कमी केला.

"चाचा, मागं सामानावर बसल्यात त्यांना म्हना, दोरी धरा. वळनं हायत पुढं."

जुलेखाने नजमुद्दीनचा हात धरला. दोघांपैकी कोणीच मागे पाहिलं नाही.

"आमचाच हाय तो," ती कशीबशी म्हणाली. "माझा दीर."

"तो तरना मानूस बसलाय निवांत," परेश म्हणाला. "पन त्या म्हाताऱ्याला काय तरी पांघरायला द्या. एवढ्या उन्हात कुडकुडतोय."