खुशीने घेतलेले झेनॉन

नील, तो खोका इकडे दे. उघडू नकोस, नुसता दे. झेनॉनचे दिवे ना? उद्या गाडीला लावणार? लाव बाबा. पण आधी पाच मिनिटं इथे बस. देवयानी, तूही बस, तुझा मोबाईल कुठे पळून जात नाही.

"काका, भुताची गोष्ट आहे का?"

ते तुम्हीच ठरवा. मी पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढली. धरणाखाली तंबू ठोकून राहिलोय, एकसुद्धा भूत मला भेटायला आलं नाही. भूत मी मानत नाही. धाकू भोईर खोटं बोलत नाही, एवढं मात्र मानतो. आपली ही बिल्डिंग ज्याच्या भातशेतीवर उभी आहे, तो धाकू. कोपरला त्याला ओळखत नाही असा माणूस नाही.

गेल्या वर्षी दिवाळी उरकली आणि धाकूच्या डोळ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली. दिवसा ठीक, रात्री सगळं धूसर. त्याने घरी सांगितलं नाही. कारण एकच, कल्पिता. त्याची मुलगी टिटवाळ्याच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये होती. संध्याकाळची पाळी, सुटायला साडेदहा. धाकू रोज तिला आणायला गाडी घेऊन जायचा. बापाला दिसत नाही हे कळलं असतं तर त्याच्या बायकोने, तुळसावहिनींनी, दुसऱ्या दिवशी मुलीची नोकरी सोडवली असती. आणि ती नोकरी म्हणजे कल्पिताचा जीव की प्राण.

धाकूने हे एकाच माणसाला सांगितलं. प्रफुल्लला. शाळेपासूनचा मित्र, लंगोटीयार. कल्याणला त्याचं गाड्यांच्या सामानाचं दुकान, मागेच घर. सीट कव्हर, हॉर्न, दिवे असलं सगळं. प्रफुल्ल म्हणाला, "आरं येडा का काय तू? माज्याकडं झेनॉन परलंय. लावतू तुज्या गारीला. रातचा दिवस दिसंल."

रविवार होता, सोळा नोव्हेंबर. प्रफुल्लने स्वतःच्या हाताने दिवे बसवले. नारळ फोडला, लिंबू उतरवलं. धाकू पैसे काढायला लागला तर रागावला. म्हणाला, "भेट हाय माजी. खुशीनं घेतंस ना?"

"घेतू की."

"तसं नाय. बोल, खुशीनं घेतू."

धाकू हसला आणि बोलला. मित्र देतोय, बोलायला काय जातं? घरी येताना त्याने मला मुद्दाम खाली बोलावून दिवे दाखवले. लावले की आधी निळसर, मग हळूहळू वाढत पांढरेफटक. कंपाउंडची भिंत ट्यूबलाईटसारखी उजळली. मी म्हटलं, "आणि डिपर? समोरून कुणी आलं तर प्रकाश खाली कसा करणार?" त्याने दांडी ओढून दाखवली. टक् असा आवाज आला. दिवे होते तसेच. असल्या स्वस्त किटला डिपर नसतो, हे त्याला माहीत होतं. मला आवडलं नाही. पण त्याला इतका आनंद झाला होता की मी गप्प बसलो. तेव्हाच बोलायला हवं होतं.

सोमवारी तो कल्पिताला घेऊन निघाला. टिटवाळा मागे पडलं की पुढे एका ओढ्यावर मोरी आहे, छोटा पूल, तिथे रस्ता अरुंद होतो. समोरून एक स्कूटर येत होती. एकच पिवळा दिवा. तिने डिपर दिला. म्हणजे, बाबा रे, तुझा प्रकाश खाली कर. धाकूने सवयीने दांडी ओढली. टक्. स्कूटरने पुन्हा डिपर दिला. पुन्हा. मग दिवा दिसेनासा झाला. गेली असेल बाजूने, असं त्याला वाटलं.

मंगळवारी तीच जागा. तीच स्कूटर. या वेळी कल्पिता म्हणाली, "बाबा, लाईट कमी कर ना, त्याला काही दिसत नसेल." म्हणजे तिलाही दिसली होती, हे लक्षात घ्या.

"आणि बाजूने गेली नाही?"

नाही. धाकूने आरशात पाहिलं. मागे रस्ता रिकामा.

बुधवारी स्कूटर त्यांच्याच बाजूने आली. सरळ. डिपर देत, देत, देत... धाकूने ब्रेक मारला. कल्पिताचं कपाळ समोर आपटलं. रक्त आलं. धाकू उतरला, गाडीपुढे गेला, वाकून खाली पाहिलं. काही नाही. कुणी नाही.

गुरुवारी सकाळी तो प्रफुल्लच्या दुकानात गेला. त्याने फक्त एवढंच सांगितलं, की मोरीवर एक स्कूटर दिसते. प्रफुल्ल खाली बसला. त्याने विचारलं नाही कसली स्कूटर, कुठली मोरी. काहीच विचारलं नाही.

मग बोलला. गणपतीच्या आधी हेच दिवे त्याच्या गाडीला होते. त्या मोरीवर समोरून एक पोरगा स्कूटरवर आला, डिपर देत. प्रफुल्लला वेग कमी करता आला असता. नाही केला. पोरगा स्कूटरसकट ओढ्यात पडला. हा थांबला नाही. दोन दिवसांनी वारला तो पोरगा. त्यानंतर ती स्कूटर प्रफुल्लला दिसायला लागली, रोज. दिवे काढले तरी त्याच्या गाडीसमोर यायची. तेव्हा कुणा भगताने त्याला उतारा सांगितला. दिवे फेकायचे नाहीत, विकायचे नाहीत. जो खुशीने घेईल, त्याला द्यायचे.

धाकू म्हणाला, "मना दिलास? माजी पोरगी बसतंय त्या गारीत."

प्रफुल्ल रडत होता. म्हणाला, "तुज्याबिगर माज्या हातचं खुशीनं घेनारा हाय कोन रं मना?"

पोरांनो, मी बरंच आयुष्य पाहिलंय, पण यासारखं ओंगळ वाक्य ऐकलं नाही. ज्याने सगळ्यात जास्त विश्वास टाकला, त्यालाच निवडलं. विश्वास टाकला म्हणूनच निवडलं! मला अजून संताप येतो. धाकूला तेव्हा संतापही आला नाही. तो म्हणाला, "मंग आता तू घे परत." प्रफुल्लने मान हलवली. खुशीने कसे घेणार?

वीस नोव्हेंबर, गुरुवार. अमावास्या होती, हे मी नंतर कॅलेंडरात पाहिलं. धाकूने कल्पिताला मैत्रिणीकडे राहायला सांगितलं आणि एकटाच निघाला. सोबत नारळ घेतला. मित्राच्या वतीने माफी मागायची, एवढंच त्याच्या मनात होतं. होय, मित्राच्याच वतीने. असा माणूस.

साडेअकरा वाजता मोरीच्या अलीकडे त्याने गाडी उभी केली. इंजिन बंद. दिवे चालू.

समोर पिवळा ठिपका दिसला. डिपर.

पुन्हा डिपर.

धाकूने दिवे बंद केले.

काळोख. स्कूटरचा आवाज जवळ आला. खिडकीशी. थांबला. काच अर्धी खाली होती...

"पोरा, चूक झाली," धाकू म्हणाला. "माफ कर."

काही नाही.

"म्हातारा मानूस हाय मी. पोरगी हाय मना."

काही नाही. पण कुणीतरी होतं. अगदी कानाशी. वाट पाहत...

कल्पिताचं कपाळ त्याच्या डोळ्यांसमोर आलं. आणि त्याच्या तोंडून निघालं. त्याने ठरवलं नव्हतं. शपथ घेऊन सांगतो तो.

"मी तो नाय. त्याचं नाव प्रफुल्ल. कल्यान. तलावामागची गल्ली. निलं शटर."

मग स्कूटर सुरू झाली. कल्याणच्या दिशेने गेली.

धाकूने फोन काढला. प्रफुल्लला सांगावं, आज घरात थांबू नकोस. नंबर समोर होता. अंगठा त्यावर होता.

त्याने फोन खिशात ठेवला.

पाऊण वाजता तो घरी आला. तुळसावहिनींनी दार उघडलं. नवऱ्याचा चेहरा पाहून त्या पहाटेपर्यंत त्याच्या उशाशी बसून राहिल्या. त्याने कूससुद्धा बदलली नाही, असं त्या सांगतात.

प्रफुल्ल सकाळी दुकानाच्या पायरीवर सापडला. जिवंत आहे. डोळे गेले. डॉक्टरांनी बरीच कारणं सांगितली. इस्पितळात त्याने धाकूचा हात धरला आणि म्हणाला, "येवढं करून पन तू आलास. तूच एक माजा." धाकूने हात सोडवला नाही. काही सांगितलंही नाही. आजही दर रविवारी जातो, त्याला चहा पाजतो. प्रफुल्ल खुशीने पितो.

त्या दिवशी इस्पितळातून आम्ही दोघं दुकान नीट बंद आहे का बघायला गेलो. मी स्वतः होतो, त्यामुळे हे ऐकीव नाही. शटरचा गडद निळा रंग एका रात्रीत उडाला होता. वीस वर्षं उन्हात पडल्यासारखा पांढरट. फक्त दोन ठिकाणी निळा जसाच्या तसा. माणसांच्या आकाराचा. सावली पडावी आणि तिथेच राहावी तसा.

एक प्रफुल्लची. उंच, दोन्ही हात तोंडावर.

दुसरी शेजारी. बुटकी. एक हात लांब केलेला... बोट प्रफुल्लकडे.

"ती कुणाची, काका?"

ऐका. धाकू पायरी चढला. शटरला पाठ लावून त्या दुसऱ्या आकारात उभा राहिला. डोकं बरोबर बसलं. खांदे बसले. मग त्याने हळूहळू उजवा हात उचलला...

तोही बसला.