शेवटच्या उकळीतली फुलं

आक्का तळघराच्या पायऱ्यांखाली सापडल्या तेव्हा वर त्यांच्या ब्रुअरीतली कढई नुकती बंद झाली होती. डोकं फुटलेलं, शुद्ध हरपलेली, ब्लाऊजची बाही खांद्यातून उसवलेली. पाय घसरून पडणाऱ्या बाईची बाही कुणी ओढत नाही, हे कळायला इन्स्पेक्टरबाईंना फार अक्कल लावावी लागली नाही.

कामगारांना त्या दुपारी सुट्टी होती. लेक कामासाठी बाहेर गेलेली. आवारात आक्कांखेरीज दोनच माणसं होती, आक्कांचे भाऊ आणि आक्कांचे जावई.

सगळे त्या भावाला मामाच म्हणत. बिअर गाळण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. सकाळीच त्यांचं आणि आक्कांचं कडाक्याचं वाजलं होतं. जावयाला एकट्याला कढईवर उभं करू नको, असं मामांचं म्हणणं.

जावई म्हणजे बिअरचे जाणकार. दाढी कोरलेली, बोलणं त्याहून कोरलेलं. लोकांना जमवून घोटाघोटावर व्याख्यान द्यायचे. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः बिअर उकळायला उभे राहिले आणि लगेच साक्षीदारही झाले.

"तुम्ही कुठे होतात?" बाईंनी विचारलं.

"कढईच्या शिडीवर. उकळी संपत आली होती, बिअरमध्ये घालायची हॉपची उरलेली फुलं हातात होती. तेवढ्यात मामा आक्कांच्या मागून तळघरात उतरताना दिसले."

"शिडीवरून खाली केव्हा उतरलात?"

"फुलं टाकून, आच बंद करून. त्याआधी कढई सोडून चालतं का, बाई?"

बाई स्वतः शिडीवर चढल्या. तळघराचं दार तिथूनच दिसत होतं. खाली जमिनीवरून मधे टाक्या यायच्या. शेजारी हॉपचं पोतं पडलं होतं, पार रिकामं.

मामांचं म्हणणं एकच. "मी मागे पिंपं धूत होतो." ऐकणारं कोण? भाचीने नवऱ्यावर विश्वास ठेवला आणि हॉस्पिटलात बजावलं, मामाला आईच्या खोलीत सोडू नका. डॉक्टर फारशी आशा देत नव्हते. बहीण जायच्या आत तिला एकदा भेटता यावं, एवढंच मामा मागत होते.

"एकाच पोत्यातली फुलं दोनदा कशाला टाकता?" बाईंनी मामांना विचारलं.

"इंग्लिश चॅलेंजर जातीचं हॉप आहे ते. दोन्ही कामं करतं. अर्धी फुलं सुरुवातीला टाकायची, खूप वेळ उकळली की कडवटपणा उतरतो. पण त्यांचा वास वाफेबरोबर जातो. म्हणून उरलेली अर्धी अगदी शेवटी. वासासाठी."

कामगारांनी ती बिअर आंबवायला ठेवली होती. काही आठवड्यांनी ती तयार झाली, तरी आक्का शुद्धीवर आल्या नव्हत्या. बाईंनी लेक, जावई आणि मामा तिघांना ब्रुअरीत बोलावलं आणि पहिला ग्लास जावयापुढे केला. गडी खुलला. ग्लास उजेडात धरला, फिरवला, डोळे मिटून हुंगला.

"देवदार. ग्रीन टी. मागून किंचित मसाला. शेवटच्या फुलांची करामत आहे ही. माझ्या हातची."

"वा," बाई म्हणाल्या. "आता तुम्ही."

लेकीने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू जहर आहे."

"आणि वास?"

तिने पुन्हा हुंगलं. नवऱ्याकडे पाहिलं. "वास नाहीच." मामांनीही ग्लास नाकाशी नेला आणि न पिताच खाली ठेवला.

"त्यात एवढं काय?" जावई उखडले. "फुलं तीच, पोतं तेच. आधी टाकली काय नि नंतर टाकली काय."

"म्हणजे सगळी आधीच टाकलीत," बाई म्हणाल्या. "म्हणूनच कडवटपणा दुप्पट आणि वास गायब. नसलेला वास तुम्हाला आला, ते सोडा, तुमचा धंदाच तो आहे. पण शेवटी टाकायला फुलंच नव्हती, तर शिडीवर कशाला चढलात? आणि शिडीवर नव्हतात, तर तळघराचं दार कसं दिसलं?"

जावई पुन्हा ग्लास हुंगू लागले.

"उकळी संपेपर्यंतचा वेळ मोकळा हवा होता तुम्हाला. अडकून पडल्याचं निमित्तही हवं होतं. पोतं रिकामं दिसलं की झालं, बिअर कोण चाखतंय, असं वाटलं. आवारात माणसं दोन. त्यातल्या एकाने न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगितलं. का सांगितलं?"

"म्हातारीने ब्रुअरी विकायला नुसतं हो म्हटलं असतं तर..." जावई बोलून गेले, आणि मग बायकोकडे बघायची सोय उरली नाही. हवालदार त्यांना घेऊन गेला. जातानाही दाढीवरून हात फिरवत होते.

बाईंना त्याची किळस आली. त्यांनी जावयाचा ग्लास मोरीत ओतला.

"मामा, चल," लेक खाली बघत म्हणाली. "आईकडे जाऊ."

"मला आत सोडत नाहीत," मामा म्हणाले. "तूच सांगितलंयस."

तिने हॉस्पिटलला फोन लावला.

"आईचा भाऊ येतोय," ती म्हणाली. "त्याला आत सोडा. मी बाहेर बसेन."